टोप्यांचा उद्योग

मराठीत टोपी घालतात ती दुसऱ्याला, आणि तीही तो बेसावध असताना. त्यामुळे ‘सध्या काय उद्योग?’ या प्रश्नाला मी ‘टोप्या’ म्हटलं की समोरचा आधी हसतो आणि मग विचारतो, ‘लोकरीच्या? मुंबईत?’

प्रश्न रास्त आहे. सांताक्रूझला पारा सर्वांत खाली उतरला तो २२ जानेवारी १९६२ रोजी, ७.४ अंशांवर. सासूबाई तेव्हा बारा वर्षांच्या होत्या. दोघी बहिणी एका गोधडीत झोपल्या आणि रात्रभर गोधडी ओढण्यावरून भांडल्या, एवढंच त्यांना आठवतं. हल्ली आमच्याकडे थंडी म्हणजे पंखा पाचवरून दोनवर आणणं.

तरी दोन वर्षांत माझ्या चौदा टोप्या विणून झाल्या. सगळ्या ढगळ, मागे रिकाम्या पिशवीसारख्या लोंबणाऱ्या. स्लाउची म्हणतात त्यांना. स्वेटरचं धाडस मी एकदाच केलं. त्याची एक बाही दुसरीपेक्षा चार बोटं लांब झाली, आणि ज्याच्यासाठी विणला त्याने तो आजवर ‘जपून’ ठेवलाय. ढगळ टोपीला असली भानगड नाही. कपाळाशी दोन सुलट, दोन उलट अशी दीड इंचाची पट्टी विणायची. ती रबरासारखी ताणते, म्हणून डोक्याच्या घेरापेक्षा इंच-दीड इंच कमीच ठेवायची. पट्टी संपली की एकाच फेऱ्यात टाके वाढवायचे आणि पुढे नुसतं सुलट, गोल गोल. साधी टोपी आठ इंचांवर आटोपते, ही दहा-अकरापर्यंत जाते. ते जास्तीचे दोन-तीन इंच कशाच्याच उपयोगाचे नाहीत. मला विणायला सगळ्यात आवडतात ते तेच.

सासूबाईंचा आक्षेप वेगळाच आहे. ‘आणि कान?’ पहिली टोपी हातात घेऊन त्यांनी एवढंच विचारलं. थंडी कानातून शिरते, हे आपल्याकडे लहानपणीच शिकवलेलं असतं. सतरा अंशांची बातमी आली की सकाळी फिरायला जाणारे आजोबा माकडटोपीत डोळ्यांपुरते उरतात. पुण्यात तर सारसबागेतल्या गणपतीलाही थंडीत स्वेटर आणि कानटोपी चढवतात. आणि ही टोपी फॅशन म्हणून कानांच्या मागे सरकवून घालायची! सासूबाईंच्या मते ती टोपीच नव्हे, ते टोपीचं नाटक.

तिसऱ्या टोपीला मी चांगलीच फसले. नमुना अमेरिकी होता, त्यात ‘आठ नंबरची सुई’ लिहिलेलं. दादरच्या एका दुकानात मी आठ नंबरची गोल सुई मागितली, त्यांनी दिली. आपल्याकडे अजून जुने इंग्रजी नंबर चालतात, त्यात आकडा वाढला की सुई बारीक होते. अमेरिकेत नेमकं उलट. आपली आठ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, त्यांची ५. एका मिलिमीटरने काय होतंय, असं वाटेल, पण नव्वद टाक्यांवर तो असा साचला की टोपी घरातल्या एकाही डोक्यावर चढेना. शेवटी ती स्वयंपाकघरातल्या सोललेल्या नारळावर बसली, शेंडी झाकून. सासूबाई म्हणाल्या, ‘बरोबर. याला कानच नाहीत.’

इतक्या टोप्यांना डोकी कुठून आणायची? इंग्लंडात १५७१ साली यावर सरळ कायदाच केला होता: सहा वर्षांवरच्या माणसाने रविवारी आणि सणाच्या दिवशी देशात तयार झालेली लोकरीची टोपी घालायची, नाहीतर दंड. टोपीवाल्यांचा धंदा बसत चालला होता, म्हणून ही सोय. उमरावांना सूट होती, हे सांगायला नकोच. सरकारने जनतेला इतक्या उघडपणे टोपी घातल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. २६ वर्षांनी कायदा रद्द झाला. माझ्यासाठी असं कुणी काही करणार नाही, तेव्हा मी टोरांटोच्या भाचीवर भिस्त ठेवून आहे. पाच तिच्याकडे गेल्या. फोटो एकीचाच आला.

विणणं होतं ते लोकलमध्ये. ठाण्याहून सुटणारी स्लो पकडली की मुलुंडला बसायला मिळतं, आणि भांडुप ते घाटकोपर दोन फेरे सहज होतात. ऑक्टोबरात मात्र बोटांना घाम येतो, ॲक्रिलिकची लोकर सुईवर अडते, आणि टाका पुढे ढकलताना किर्र असा बारीक आवाज येतो. अशाच एका सकाळी समोर मेथी निवडत बसलेली बाई म्हणाली, ‘ताई, टाका सुटलाय. आत्ताचा नाही, खालचा.’

सुटला होता खरा. चांगला सात-आठ ओळी खाली घसरला होता आणि मागे शिडी करून गेला होता. मी उसवायलाच निघाले होते. तिने मेथीची पिशवी मांडीवरून बाजूला केली, बांगडीतली सेफ्टी पिन काढली आणि आधी तो टाका पिनेत अडकवला, आणखी खाली जाऊ नये म्हणून. मग एकेक आडवा धागा पिनेच्या टोकाने उचलून टाक्यातून ओढायला लागली. नखांत मेथीची माती होती, तिचा हिरवट डाग माझ्या पांढऱ्या लोकरीला लागत होता, आणि मी काही बोलले नाही. परळपर्यंत चार पायऱ्या चढल्या. चिंचपोकळी गेलं तशी ती उठली, पिन टाक्यातच बंद केली आणि टोपी माझ्या हातात दिली.

‘राहिलेल्या तीन तुम्ही घ्या वर. सोपं आहे.’

भायखळ्याला ती उतरली. मी घरी तीनदा प्रयत्न केला. पंधरावी टोपी पिनेसकट पिशवीत आहे, आणि मी रोज तीच गाडी, तोच डबा पकडते.