सोलापुरात दोन रात्री आणि एक तोलून घेतलेली चादर

सोलापूर हे आमच्या घराच्या हिशेबात कायम वाटेवरचे गाव राहिले. अक्कलकोटला जाताना तिथे चहा व्हायचा, तुळजापूरहून परतताना जेवण व्हायचे, आणि गाडी सुरू होण्यापूर्वी रस्त्याकडेच्या दुकानातून कोणीतरी घाईघाईने एक चादर उचलायचे. काही वर्षांपूर्वी मीही महामार्गालगतच्या एका दुकानातून, ‘अस्सल सोलापुरी’ ही पाटी वाचून, अशीच एक चादर घेतली होती. पहिल्याच धुण्यात तिने आईच्या दोन पांढऱ्या साड्या गुलाबी केल्या आणि पावसाळा संपेपर्यंत तिच्यावर इतके गोळे आले, की शेवटी तिची रवानगी इस्त्रीच्या टेबलावर झाली. या जानेवारीत मात्र सोलापूरलाच जायचे, दोन रात्री राहायचे आणि सोलापूरकर स्वतः जिथे खातात, जिथे खरेदी करतात तिथेच जायचे, असे ठरवून आम्ही दोघे निघालो.

पुण्याहून संध्याकाळी सुटणारी हुतात्मा एक्स्प्रेस रात्री सोलापूरला पोचते. ज्यांच्यावरून या गाडीला नाव मिळाले ते चार हुतात्मे, म्हणजे मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे, १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फासावर गेले. ही चार नावे ओळीने वाचली, की या गावाची निम्मी ओळख गाडीतच होते. उरलेली तेलुगू ओळख आम्हाला दुसऱ्या दिवशी सकाळी इडलीच्या गाड्यावर झाली.

मुक्कामाविषयी फार लिहिण्यासारखे नाही. स्टेशन आणि सात रस्ता यांच्या दरम्यान साध्या लॉजपासून बऱ्यापैकी हॉटेलांपर्यंत सर्व काही मिळते आणि तिथून नवी पेठ, सिद्धेश्वर मंदिर, पार्क चौक हे सगळे रिक्षाने जवळच आहे. दोन गोष्टी मात्र आधी विचारून घ्याव्यात. अक्कलकोट, तुळजापूर आणि पंढरपूर करणारे भाविक सोलापुरात उतरत असल्यामुळे गुरुवारी आणि पौर्णिमेच्या आसपास खोल्या भरलेल्या असतात. दुसरी गोष्ट पाण्याची: शहरात नळाला काही दिवसांच्या अंतराने पाणी येते, त्यामुळे चोवीस तास पाणी असल्याचे छापील आश्वासन न वाचता काउंटरवरच्या माणसाला सरळ विचारावे. आम्ही विचारले नव्हते. पहिल्या सकाळी अर्ध्या बादलीत दोघांच्या आंघोळी उरकल्या.

त्यानंतर आम्ही पूर्व भागात गेलो. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांची ही वस्ती; नारळी पौर्णिमेला मार्कंडेयांचा रथ निघतो तो यांचाच. गाड्यावर इडली-वडा खाणाऱ्यांत तेलुगू, मराठी आणि दखनी अशा तिन्ही भाषा एकाच वाक्यात ऐकू येत होत्या. समोरच्या उंबऱ्यावर एक आजी मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होत्या, आणि त्यांचे लक्ष विडीकडे कमी व आमच्या ताटलीकडे जास्त होते. चटणी संपलेली पाहून त्यांनीच गाडेवाल्याला तेलुगूत काहीतरी सुनावले आणि आमच्या ताटलीत चटणी आली.

चादर घेण्याविषयी माझ्या पत्नीच्या मावशींनी, म्हणजे साखर पेठेत चाळीस वर्षे संसार केलेल्या बाईंनी, फोनवरच ताकीद दिली होती: “जावईबापू, चादर बघून नाही, तोलून घ्यायची असते.” पुलगम, चाटला अशी नावे सोलापुरात सर्वांना ठाऊक आहेत आणि त्यांच्या दुकानांत भाव ठरलेला असल्याने घासाघीस करण्याचा प्रश्नच येत नाही. आम्ही मात्र मावशींच्या ओळखीच्या एका लहान कारखानदाराकडे गेलो, कारण तिथे पुढे दुकान आणि मागे माग होते. “कुठनं आलाव?” एवढे विचारून त्यांनी एक चादर उलगडली, तिचे टोक आमच्या हातात दिले आणि म्हणाले, “धरा.” हाताला आधी वजन जाणवले. मग त्यांनी ती उलटी केली. वरच्या बाजूला मरून रंगावर पांढरा मोर होता, खालच्या बाजूला तोच मोर मरून होऊन पांढऱ्यावर बसला होता. अस्सल सोलापुरी चादरीची ही खूण आहे: नक्षी छापलेली नसून विणलेली असते, म्हणून ती दोन्ही बाजूंनी दिसते, फक्त रंगांची अदलाबदल होते. मागच्या खोलीत मागाच्या डोक्यावर छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरत होती. हे जकार्ड, कुठल्या ओळीला ताण्याचे, म्हणजे उभे, कोणते धागे उचलायचे हे त्या छिद्रांवरून ठरते. आवाज इतका, की मालक आम्हाला हातवाऱ्यांनीच समजावत होते.

सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तरीही पानिपतहून आलेला हलका माल ‘सोलापुरी’ म्हणून सर्रास विकला जातो, हे त्यांनी रागाने नव्हे तर रोजचे हवामान सांगावे तसे सांगितले. या शहराने यापेक्षा मोठे धक्के पचवले आहेत. १८७७ साली सुरू झालेली, आज ‘जुनी मिल’ म्हणूनच ओळखली जाणारी गिरणी बंद पडली, तिच्यामागोमाग इतरही बंद पडल्या, आणि कापडाचा भार यंत्रमागांवर आला. आम्ही दोन चादरी आणि सहा टॉवेल घेतले. सोलापूरचा टॉवेल चादरीइतकाच चांगला असूनही त्याचे नाव कोणी घेत नाही, ही माझी तक्रार आहे. साड्यांसाठी पत्नी चाटी गल्लीत गेली. तिथले दोन तास मी ‘मधला मारुती’ नावाच्या देवळापाशी चहा पीत काढले, त्यामुळे त्याविषयी मला काही सांगता येणार नाही.

दुपारचे जेवण मावशींकडे होते. संक्रांत नुकतीच झालेली असल्याने डब्यात शेंगापोळ्या होत्या. दाण्याचे कूट आणि गूळ भरून लाटलेली ही पोळी तिळगुळाच्या पोळीपेक्षा अधिक खमंग लागते, असे मी म्हणालो तर पुण्यात मला कोणी घरात घेणार नाही. ताटात मंगळवेढ्याच्या ज्वारीची कडक भाकरी होती. पापडासारखी पातळ, तीळ लावलेली आणि वाळवून ठेवलेली ही भाकरी कित्येक दिवस टिकते. ती दह्यात कालवलेल्या शेंगाचटणीबरोबर खायची. ही चटणी मिक्सरमध्ये होत नाही. भाजलेले शेंगदाणे, लसूण, तिखट, जिरे आणि मीठ उखळात घालून तेल सुटेपर्यंत कुटावे लागते, म्हणजे ती भुकटी न राहता ओलसर, गोळा वळेल अशी होते. मावशींनी चिमूटभर चटणी बोटांत दाबून दाखवली; बोटांना तेल लागले. बाजारात पाकीट घेताना हीच परीक्षा करावी, बाहेरून दाबले तरी कळते.

संध्याकाळी सिद्धेश्वर मंदिरात गेलो. तलावाच्या पाण्यातले हे मंदिर आणि शेजारचा भुईकोट किल्ला एका फेरीत होतात. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांनी शहराभोवती ६८ लिंगे स्थापिली, आणि संक्रांतीच्या यात्रेत सात नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, त्या मार्गाने मिरवले जातात. मिरवणूक आमची चुकली होती, पण होम मैदानावरचा गड्डा, म्हणजे पाळणे, भांडी आणि मिठाईच्या दुकानांची जत्रा, अजून भरलेली होती. रात्री विजापूर वेशीकडे निखाऱ्यांवर भाजलेले मांसाचे शीक खाल्ले. गरम शीक, कांदा, लिंबू आणि भाकरी. टेबल हलते होते, आणि शेजारच्या अनोळखी गृहस्थांनी आमच्या वतीने आणखी एक प्लेट मागवून टाकली.

परत आल्यावर मी नवी चादर कारखानदारांनी सांगितल्याप्रमाणे मीठ घातलेल्या गार पाण्यात वेगळी भिजवली. पाणी किंचित लालसर झाले, तेवढेच. आईने तरीही आपल्या पांढऱ्या साड्यांची बादली उचलून न्हाणीघराबाहेर नेऊन ठेवली.