टर्कीच्या शिकारीचा कॅमो घरी शिवताना: मापं बसूनच घ्या

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या ओकच्या रानात वसंतातली टर्की या मोठ्या रानपक्ष्याची शिकार बसून होते. झाडाला पाठ टेकायची, मादीचा आवाज काढायचा आणि नर तीस-पस्तीस यार्डांच्या आत येईपर्यंत हलायचं नाही. तयार कॅमो, म्हणजे रानात मिसळून जाणारे कपडे मात्र उभ्या माणसाच्या मापाने बेतलेले असतात. गुडघे वर घेऊन बसलं की पँट पोटरीपर्यंत चढते आणि मोजे उघडे पडतात. बंदूक गुडघ्यावर टेकवली की बाही मनगटावरून मागे सरकते. म्हणून मी सगळी मापं जमिनीवर बसून, बंदूक धरल्यासारखे हात पुढे करून घेते. पँटची लांबी नेहमीपेक्षा ७ ते ८ सेंमी जास्त, बाही ५ सेंमी जास्त, आणि आसनात एक चौकोनी कळी, नाहीतर तिथली शिलाई उसवते. पँटच्या खालच्या काठाला तळव्याखालून जाणारं इलॅस्टिक लावलं की ती वर चढत नाही.

पाया म्हणून जुन्या कपड्यांच्या दुकानातले सुती शर्ट-पँट उत्तम, दोन मापं मोठे. पहाटे थंडी असते, दुपारी घाम फुटतो, त्यामुळे आत लोकरीचा थर घालता-काढता यायला हवा. नायलॉनसारखं सरसरणारं कापड नको, टर्कीचे कान तीक्ष्ण असतात. पांढरा शर्ट घेऊन रंगवायचा विचार करू नका. तयार कपड्यांची शिलाई बहुधा पॉलिएस्टर दोऱ्याची असते, सुती कापडाचा रंग त्या दोऱ्यावर चढत नाही आणि प्रत्येक टीप पांढरी उठून दिसते. मुळातच खाकी किंवा मळकट हिरवा कपडा शोधा.

रंगासाठी रिट या कंपनीचा कापड रंगवायचा द्रवरूप रंग मिळतो. साधारण ९०० ग्रॅम कोरड्या कापडाला एक बाटली, ११ लिटर पाणी आणि एक कप मीठ. पाणी ६० अंश सेल्सिअसच्या आसपास हवं, कोमट पाण्यात रंग फिका बसतो आणि पहिल्याच धुण्यात निघतो. एकसारखा रंग इथे नकोच असतो. ओला कपडा चुरगळून जागोजागी रबरबँड बांधा, आधी तपकिरीत अर्धा तास ठेवा, मग सोडून दुसऱ्या जागी बांधा आणि गडद राखाडीत दहा मिनिटं. डाग तळहाताहून मोठे यायला हवेत. बारीक नक्षी हातात घेतल्यावर सुंदर दिसते, पण वीस पावलांवरून तिचा एकच काळपट गोळा होतो. विकतच्या बऱ्याच कॅमोची फसगत इथेच होते.

हंगाम एप्रिलअखेर किंवा मेच्या सुरुवातीला उघडतो, तेव्हा जमिनीवर गेल्या वर्षीचा पाचोळा असतो आणि झाडं जवळजवळ उघडी. मेच्या मध्यापर्यंत तेच रान हिरवं होतं. दोन पोशाख शिवण्याची गरज नाही. पाया साल-पाचोळ्याच्या रंगाचा ठेवायचा आणि कापडाची हिरवी पानं एका वेगळ्या, बिनबाह्यांच्या जाकिटावर लावायची. लवकर गेलात तर जाकीट घरी.

पानांवर मात्र वेळ द्या. माणसाला ओळखू देते ती त्याची कड: डोकं-खांद्यांची रेषा आणि पुढे उभे राहिलेले दोन गुडघे. पानं त्या कडांवरच हवीत. दीड मीटर मांजरपाट दोन-तीन छटांत रंगवा आणि ६ बाय ९ सेंमीचे, वेडेवाकडे काठ असलेले तुकडे कापा. ११५ सेंमी पन्ह्यातून अडीचशेहून जास्त तुकडे निघतात. कापड उरेब, म्हणजे धाग्यांना तिरकं कापा. सरळ कापलं की धागे सुटत राहतात आणि काटेरी झुडपात अडकतात. उरेब तुकडा विरत नाही, शिवाय थोडा वळून लोंबतो आणि खाली सावली पडते. फक्त वरचा दीड सेंमी भाग झिगझॅग टिपेने शिवायचा, बाकी मोकळं. ओळींत ७ सेंमी अंतर, आणि खालची ओळ वरच्या ओळीच्या फटींत. गोणपाटाच्या चिंध्या मी वापरत नाही, त्यांचे तंतू गळतात आणि पावसात त्या जड होतात.

बंदुकीचा दस्ता टेकतो तो खांदा, कोपराची आतली बाजू, हाताची पुढची दहा-बारा सेंमी आणि बसण्याची जागा इथे एकही पान नको. ट्रिगरजवळ लोंबणारी चिंधी हा थेट धोका आहे. पाठीवर पानं लावण्यात कष्ट घालवू नका, तिथे झाड असतं. ते झाड खांद्यांपेक्षा रुंद निवडायचं, म्हणजे मागून येणाऱ्या दुसऱ्या शिकाऱ्यापासूनही आडोसा मिळतो.

वेल्क्रो अजिबात नको. पहाटेच्या शांततेत त्याचा आवाज दूर जातो. बटणं लाकडी किंवा कापडाने मढवलेली. खिशांचं नियोजन आवाज काढायच्या साधनांनुसार करा. स्लेटचं पॉट (काडी घासून टर्कीचा आवाज काढायची चकती) आणि त्याची काडी एकाच खिशात ठेवली तर चालताना ती घासून नको तेव्हा आवाज निघतो, म्हणून दोन वेगळे खिसे, आत मऊ फ्लॅनेलचं अस्तर.

चेहरा आणि हात उघडे राहिले तर बाकी सगळं वाया. मुखवट्याला ४० बाय ५५ सेंमी मऊ जाळी पुरते, डोळ्यांसाठी १४ बाय ४ सेंमीची फट. चष्मा असेल तर नाकावर बारीक तार शिवून घ्या आणि जाळी खालून मोकळी ठेवा, नाहीतर श्वासाने काचा धुकटतात. हातमोजे पातळ, मनगटाच्या वर दहा सेंमी जाणारे.

तयार पोशाख घालून कुणाला तरी तीस पावलांवरून फोटो काढायला सांगा आणि तो कृष्णधवल करून पाहा. रंग बरोबर असूनही उजेड-अंधाराची पातळी चुकली तर आकृती लगेच उठते. बहुधा पोशाख गडद झालेला असतो, मग फिकट पानं वाढवायची.

टर्कीला रंग उत्तम दिसतात आणि अतिनील प्रकाशाचाही काही भाग दिसतो. साध्या डिटर्जंटमधली उजळवणारी द्रव्यं अतिनील उजेडात निळसर चमकतात. अंधाऱ्या खोलीत अतिनील टॉर्च मारा. चमकणारा तुकडा पुन्हा रंगवा किंवा काढून टाका, आणि धुण्यासाठी अशी द्रव्यं नसलेला साबण वापरा. वास घालवणारे महागडे फवारे मात्र हरणांच्या शिकाऱ्यांसाठी सोडा, टर्की वासावर चालत नाही.

एक नियम कुठेही सैल करू नका: लाल, पांढरा, निळा यातलं काहीही अंगावर दिसता कामा नये. नराच्या डोक्याचे हेच रंग आहेत, आणि झुडपाआडून दिसलेल्या अशा ठिपक्यावर गोळी सुटू शकते. आतला बनियन, रुमाल, जीन्सची कड, सगळं तपासा. एका खिशात ६५ सेंमी चौरस भडक नारिंगी कापड कायम ठेवा: जाता-येता पाठीवर, मारलेला पक्षी आणताना त्याच्याभोवती. दुसरा शिकारी जवळ आला तर हात हलवू नका, टर्कीचा आवाज काढू नका, मोठ्याने बोला.

भारतात १९७२च्या वन्यजीव कायद्यामुळे शिकारीचा प्रश्नच नाही, पण हाच पोशाख पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांना माळरानावर कामाला येतो. फक्त लष्करी गणवेशाची नक्षी टाळा.

शेवटी गोचिडी. या रानांत गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या लाइम आजाराचा धोका खरा आहे. ०.५ टक्के पर्मेथ्रिन हे कीटकनाशक कपड्यांवर घराबाहेर फवारून पूर्ण वाळू द्या, त्वचेवर लावू नका. घरात मांजर असेल तर ओला कपडा तिच्यापासून लांब, तिला ते विषारी असतं. पानांच्या खालच्या बाजूंवर, बाह्यांच्या आणि पँटच्या काठांवर फवारा नीट पोचतो की नाही ते पाहा.