रंगूनवाली पणजी: आजीचा किट आला आणि घोळ वाढला

आजीच्या डीएनए चाचणीचा निकाल एकदाचा आला. हडप्पावर्ल्डमध्ये (पूर्वज कुठल्या भागातले ते डीएनएवरून टक्क्यांत सांगणारं साधन) साउथ-ईस्ट एशियन, म्हणजे आग्नेय आशियाई, 11.2 टक्के.

आधीच्या नोंदी वाचलेल्यांना एवढ्यावरून कळलं असेल की आमच्या घरात काय झालं असणार. पणजी, म्हणजे आजीची आई, घरात 'रंगूनवाली' म्हणूनच ओळखली जाते. पणजोबा परतवाड्याचे करवती. सागवानाच्या कामाला ब्रह्मदेशात गेले, तिकडची बायको केली, 1942 साली जपान्यांनी रंगून घेतलं तेव्हा लाखो भारतीयांसारखे चालत परत आले, आणि पुढच्या वर्षी आजी झाली. बारीक डोळे, चपटं नाक, सगळं त्या गोष्टीत बसवलेलं. आता हिशेब बघा. पणजी पूर्ण बर्मी असती तर आजीचा आकडा पन्नासच्या आसपास यायला हवा होता, बाबांचा पंचविसाच्या आणि माझा बाराच्या. आमचे आकडे आहेत 11.2, 5.8 आणि 3.1. उतरण अगदी नीट निम्म्यानिम्म्यानं आहे, फक्त वरचा आकडाच लहान आहे. माझ्या आईचा किट तुलनेला होताच. तिचा 0.9, म्हणजे आमच्या भागातला नेहमीचा गाळ.

मोठ्या बाबांना, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाला, सांगितलं तर ते एकच बोलले, "माही आजी रंगूनचीच व्हती. तुही मशीन खोटी हाये." आणि उठून वावरात निघून गेले.

नमुन्याबद्दल थोडं, कारण म्हाताऱ्या माणसांचे किट घेणाऱ्यांना उपयोग होईल. थुंकीची नळी आजीच्या बाबतीत बाद झाली. तोंडाला कोरड, दात नाहीत, गालात तंबाखू. नळीत रेषेपर्यंत थुंकी लागते, फेस धरत नाहीत, आणि आधी अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही. आजीच्या नळीत निम्मा फेस आणि उरलेलं तपकिरी पाणी. कंपनीनं 'नमुना अपुरा' कळवलं आणि पैसे परत करायचं नाव नाही. दुसऱ्यांदा गालाच्या आतून फिरवायची काडी असलेला किट मागवला. पहाटे, तंबाखूच्या आधी, चूळ भरून, थोडं थांबून. आजी काडी गालात धरूनच विचारत होती, "माह्या गालात का दिसन वं तुले?" काडी एका जागी घासू नका, दोन्ही गालांना, हिरड्यांपर्यंत फिरवा. माझं मत विचाराल तर सत्तरीपुढच्या माणसाला नळी देऊच नये.

कंपनीच्या रंगीत नकाशाबद्दल मी याआधीही चिडून लिहिलं आहे. आजीला त्यांनी 'दक्षिण आशियाई' असा एकच मोठा गोळा दिला आणि कोपऱ्यात एक फिकट ठिपका. त्यांच्या संदर्भगटात, म्हणजे ज्या नमुन्यांशी ते तुलना करतात त्यांत, मध्य भारतातले लोकच नगण्य असतील तर ठिपका कुठं टाकणार? वर दरवर्षी आकडे बदलतात आणि लोकांना वाटतं आपले पूर्वज बदलले. त्यापेक्षा रॉ डेटा उतरवून जेडमॅचवर (कुठल्याही कंपनीचे किट ताडून बघायची वेबसाइट, हडप्पावर्ल्ड तिथंच आहे) चढवावा. (ज्यांनी अजून उतरवला नसेल त्यांनी उतरवून ठेवा. मार्च 2025 मध्ये 23अँडमी या डीएनए चाचणीच्या कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा किती जणांची धावपळ झाली ते आठवा.)

आता खरी अडचण. 11.2 हा आकडा दोन अगदी वेगळ्या गोष्टींत बसतो.

पहिली अशी: पणजीच्या चार आजी-आजोबांपैकी एक जण बर्मी. म्हणजे पणजी पंचवीस टक्के, आजी साडेबारा. दुसरी अशी: पणजी मेळघाटातली कोरकू आदिवासी. कोरकू ही मुंडा कुळातली सगळ्यांत पश्चिमेकडची भाषा, आणि मुंडा भाषिकांच्या जीनोममध्ये साधारण पाव हिस्सा आग्नेय आशियाई निघतो. त्याचं निम्मं केलं की आजी पुन्हा बाराच्या घरात. टक्केवारी बघत बसलात तर या दोन पणज्या जन्मात वेगळ्या काढता येणार नाहीत.

आजीचा मायटोकाँड्रियल गट (फक्त आईकडून उतरणाऱ्या डीएनएचा) एम-2 आला. भारतातली फार जुनी शाखा, दक्षिण आणि मध्य भारतात पसरलेली, आदिवासी समाजांत जास्त. म्हणजे आजीची आई, तिची आई, तिची आई अशी सरळ रेघ भारतीयच आहे. इथं पहिल्या गोष्टीचा एक पाय मोडला, पण पणजीच्या वडिलांची बाजू तशीच उघडी राहिली. शिवाय हे दुसऱ्या गोष्टीचं प्रमाणही नाही. मुंडा लोकांतला आग्नेय आशियाई वारसा मुख्यतः पुरुषांकडून आलेला आहे (बापाकडून मुलाला जाणाऱ्या वाय क्रोमोसोमचा गट ओ-एम95), बायकांकडचा जवळपास सगळा भारतीयच. एम-2 माझ्या शेजारणीचाही निघू शकतो.

मग लांबीकडे वळले. पूर्वजाकडून आलेले डीएनएचे तुकडे पिढीगणिक तुटत जातात, म्हणून सरमिसळ किती जुनी ते तुकड्यांची लांबी सांगते. आजीचा पणजोबा बर्मी असेल तर त्याचे तुकडे अजून लांबलचक असणार, काही क्रोमोसोमवर अर्धी बाजू भरलेली आणि काहींवर शून्य. मुंडा सरमिसळ दोन ते पावणेचार हजार वर्षांपूर्वीची मानतात. एवढ्या पिढ्यांत त्या तुकड्यांचा पार चुरा होतो, सरासरी जेमतेम एखाद-दोन सेंटिमॉर्गन (तुकड्याची लांबी मोजायचं माप), आणि तो चुरा सगळीकडे विखुरलेला असतो. पूर्ण रंगचित्र बघत डोळे फोडण्यापेक्षा क्रोमोसोमनिहाय टक्केवारीचा तक्ता काढा, तो जास्त बोलतो. बर्मी पणजोबा असता तर कुठं चाळीस, कुठं शून्य दिसलं असतं. आजीच्या तक्त्यात बावीसच्या बावीस ओळींत काही ना काही आहे आणि बहुतेक ओळी आठ ते चौदाच्या मधे. शून्य एकही नाही.

रात्री मेडिकल बंद केल्यावर काउंटरवरच तो तक्ता उघडला होता. शटर अर्धं खाली, कॅल्क्युलेटरवर एकेक ओळ. बावीस नंबरला पण 9 दिसले तेव्हा मी एकटीच मोठ्यानं हसले.

सहा नंबर मात्र खटकतो. तिथं 23 आहे. एचएलएचा, म्हणजे रोगप्रतिकाराच्या जनुकांचा, भाग सहावरच येतो आणि तिथले निकाल नेहमीच वाकडेतिकडे असतात, त्यामुळे अजून तरी मी त्याला फार भाव देत नाही. पण तो भाग वगळून बघायचं आहे.

यात आणखी एक मॅच, म्हणजे डीएनए जुळणारा माणूस, सापडला. बैतूल जिल्ह्यातला एक मुलगा, त्याच्याशी मेलवर बोलणं झालं, आई कोरकू. आजीशी एकूण 31 सेंटिमॉर्गन, सगळ्यांत लांब तुकडा 19 चा. बाबांशीही तोच तुकडा, माझ्या आईशी काहीच नाही. एकूण 31 बघून 'दूरचा चुलत-मावस' म्हणायचा मोह आवरा. जातीतल्या जातीत शतकानुशतकं लग्नं झालेल्या समाजांत बारीक तुकड्यांची बेरीज फुगतेच, आपल्याकडे एकूण आकडा पुष्कळदा फसवतो. मी फक्त 19 चाच तुकडा धरते.

हे लिहिता लिहिताच सुचलं की त्या मुलाचा एक्स क्रोमोसोम पूर्ण त्याच्या आईकडचा, म्हणजे कोरकू बाजूचा. आणि बाबांचा एक्स पूर्ण आजीकडचा. पुरुषाकडे एक्सची एकच प्रत, त्यामुळे कोणता तुकडा कोणत्या प्रतीवरचा हा नेहमीचा घोळच नाही. लगेच चालवलं. बाबा आणि तो मुलगा: काही नाही. आजी आणि तो मुलगा: एक तुकडा, 12 सेंटिमॉर्गन. आता आजीच्या दोन प्रती, एक वडिलांची, एक आईची. दोन्ही प्रतींवर उड्या मारत जुळलेला तो खोटा तुकडाही असू शकतो, किंवा त्या जागी बाबांना आजीच्या वडिलांची प्रत मिळालेली असू शकते. हे सोडवायला आजीचा दुसरा मुलगा लागतो. त्याच्या एक्सवर तो तुकडा अख्खा निघाला तर तो खरा.

आजीचा दुसरा मुलगा म्हणजे मोठे बाबा.

आता थेट त्यांना विचारायचं की मोठ्या आईच्या मार्फत, हे ठरवायचंय. मोठ्या आईनं परवा एक गोष्ट सहज सांगितली, जी आजवर या कथेत कधी आलीच नव्हती: पणजी दरवर्षी होळीनंतर मेळघाटात धारणीकडे कोरकूंच्या मेघनाथाच्या जत्रेला जायची आणि सासरच्यांना ते आवडायचं नाही. म्हणजे रंगूनला गेलेली, तिथून चालत आलेली, पण मूळची मेळघाटची बाई, असं जुळवता येतं. करवती नवऱ्याबरोबर बायकोही गेली असेल, यात अशक्य काय आहे? तसं असेल तर मोठे बाबाही खोटे नाहीत आणि आकडेही नाहीत. मात्र कागद हवा. पणजीचा मृत्यू कोतवाल बुकात (गावातल्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीत) असणारच, माहेरचं गाव लिहिलेलं असलं तर नशीब. आधी मी पेरेपत्रकं (पिकांच्या नोंदींचे जुने कागद) काढणार होते, ते आता मागं.

गावात बातमी फुटलीच आहे. दुकानात दोन जण येऊन विचारून गेले, "मंग तुमाले आता आदिवासीचा दाखला भेटते का?" नाही भेटत. जात वैधतेला जुने कागद लागतात, गालातली काडी चालत नाही, आणि आजीच्या आईवरून माझी जात ठरत नाही. कुणी असा रिपोर्ट दाखल्यासाठी काढून देतो म्हणाला तर पैसे देऊ नका.

बैतूल, खंडवा, बुऱ्हाणपूर किंवा धारणी-चिखलदरा भागातला कोरकू बाजू असलेला किट कुणाकडे असेल, त्यातही पुरुषाचा आणि आईकडून कोरकू, तर माणसाची परवानगी घेऊन मला किट नंबर कळवा. एक्सची तुलना मी करून देते. मोठ्या बाबांसाठी काडीवाला किट मागवून ठेवलाय. ते खर्रा खातात, म्हणजे पुन्हा पहाटेच गाठावं लागणार.