तिवराची मुळं आणि काळी एक

नववीत माझा आवाज फुटला. जून १९८७. आठवीपर्यंत प्रार्थनेला पुढच्या रांगेत उभा राहून पेटीच्या काळी चार या उंच पट्टीत बिनधास्त गाणारा मी, मे महिन्याची सुट्टी संपवून आलो तो घशात बेडूक घेऊनच. समूहगानाच्या यादीतून नाव कापलं गेलं. मुली फिदीफिदी हसल्या. त्यांतल्याच एकीशी पुढे लग्न झालं, त्यामुळे ती तक्रार आता घरातच मिटली आहे.

दिवाळीनंतर विज्ञानाच्या बाईंनी वर्गाला कन्नमवार नगरच्या मागच्या खाडीवर नेलं. चपला हातात, पोटऱ्यांपर्यंत चिखल. बाईंनी तिवराचं पान पुढे केलं आणि म्हणाल्या, "चाटून बघ." खारट! खाऱ्या पाण्यातलं बरंचसं मीठ मुळंच अडवतात, जे आत शिरतं ते पानांवरच्या ग्रंथींतून घामासारखं बाहेर पडतं. झाडाभोवती चिखलातून पेन्सिलींसारखी टोकं वर आलेली होती. ती श्वसनमुळं. त्या चिखलात हवाच नसते, म्हणून श्वास घ्यायला मुळं वर येतात. भरतीत ती बुडतात, आतला ऑक्सिजन संपत जातो. ओहोटी लागून टोकं उघडी पडली की हवा झपकन आत ओढली जाते.

दुसऱ्या दिवशी हे सगळं मी गायनाच्या सरांना सांगितलं. ते हवेने उतरलेला तबला हातोडीने चढवत बसले होते. "म्हणजे दमसासच की," ते म्हणाले आणि भेंडीबाजार घराण्यावर घसरले. छज्जू, नझीर आणि खादिम हुसेन खाँ हे भाऊ उत्तरेतून मुंबईत आले, भेंडीबाजारात राहिले, म्हणून घराण्याला वस्तीचंच नाव पडलं. त्यांची ख्याती लांब श्वासाची. मग हातोडी खाली ठेवून सरांनी जयपूर-अत्रौली घराण्याच्या अल्लादिया खाँसाहेबांची गोष्ट सांगितली. एका संस्थानात फार गावं लागल्यामुळे खाँसाहेबांचा आवाज गेला. परत आला तो जाड, पूर्वीचा नव्हेच. त्या आवाजाला झेपेल, शोभेल अशी गायकी त्यांनी नव्याने घडवली. "तू कुठे रडतोस? तुझी पट्टी उतरलीय, गाणं नाही."

मी धावत बाईंकडे: तिवरानेही खाँसाहेबांसारखीच अडचणीतून नवी रीत काढली! माझा मोठा शोध त्यांनी तिथल्या तिथे तपासून परत केला. "झाड ठरवत नाही रे. पिढ्यान्‌पिढ्या जी तगली त्यांचं बी पुढे गेलं. खाँसाहेबांनी ठरवलं." मग थोडं थांबून म्हणाल्या, "एक मात्र आहे. एकाच जातीचं तिवर जिथे पाणी फार खारट तिथे खुरटं राहतं आणि जिथे गोडं पाणी मिसळतं तिथे उंच होतं. ते एका झाडाच्या आयुष्यातलं."

बाईंचं बरोबर होतं. पण खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांचे गळे शाबूत होते, तरी त्यांनी तीच गायकी उचलली. गुरूची अडचण शिष्यांना रीत म्हणून मिळाली. हे मला सुचलं तेव्हा मी चाळिशीचा होतो आणि बाई निवृत्त होऊन कोकणात गेल्या होत्या, नाहीतर पुन्हा वाद घातला असता.

दहावीच्या स्नेहसंमेलनात सरांनी पेटी काळी एकला धरली आणि मला यमन गायला लावला. मंद्रातल्या, म्हणजे खालच्या सप्तकातल्या निषादावर गेलो तर माइकवाल्याने दोनदा बटण फिरवलं, तरी मागच्या बाकांवर काही पोचलं नसावं. श्वास मात्र दोन ओळींच्या मधे पुरला. विंगेत उतरलो तर बाई रुमाल घेऊन उभ्या.

"आधी तोंड पूस. तिवराचं पान दिसतोयस."