खोलीत वटवाघूळ शिरलं तर आधी पंखा बंद करा
परवा रात्री खोलीत काहीतरी फडफडलं, आधी वाटलं मोठा पतंग असेल, पण ते गोल गोल घिरट्या घालायला लागलं आणि आई ओरडली, अगं वटवाघूळ! भाऊ लगेच झाडू घेऊन आला. मी आधी पंख्याचं बटण बंद केलं, कारण पात्यात सापडलं असतं तर संपलंच असतं बिचारं. मग आतलं दार लावलं, खिडक्या सताड उघडल्या, लाइट घालवला आणि सगळ्यांना बाहेर काढलं. बहुतेक वेळा एवढ्यानेच ते आपलं आपण निघून जातं. खाली झेपावतं तेव्हा अंगावर आल्यासारखं वाटतं, पण ते वळत असतं फक्त. केसात अडकतं हेही खरं नाही, आपल्याच आवाजाचा प्रतिध्वनी ऐकून ते अंधारात बारीक तारसुद्धा चुकवतं.

आमचं मात्र दमून पडद्यावर बसलं. जवळून बघितलं तर अंग जेमतेम अंगठ्याएवढं, कान कागदासारखे पातळ आणि पोट नुसतं धपापत होतं. इतकं वाईट वाटलं! जाड हातमोजे घालून त्याच्यावर डबा पालथा धरला, खालून पुठ्ठा सरकवला आणि बाहेर नेऊन झाडाच्या खोडावर उंच सोडलं, कारण पुष्कळ वटवाघळांना जमिनीवरून नीट उडता येत नाही.

उघड्या हाताने कधीच धरू नका. वटवाघळापासून रेबीज होऊ शकतो आणि त्याचे दात एवढे बारीक की चावलेलं कळतही नाही. चावलं, ओरखडलं किंवा झोपलेल्या माणसाच्या, लहान मुलाच्या खोलीत सापडलं तर जखम दिसो न दिसो, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. जखम असेल तर आधी साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा.

सकाळी माळ्यावर काळ्या लेंड्या दिसल्या, आई म्हणाली उंदीर, पण काडीने दाबल्यावर भुगा झाला आणि आत किड्यांच्या पंखांचे चमकते तुकडे, म्हणजे वटवाघळंच. छपराखालच्या बोटभर फटीतून येत होती. फट लगेच बुजवायची नाही हं, मादीला बहुतेक वर्षाला एकच पिल्लू होतं आणि त्याला उडता येईपर्यंत काही आठवडे जातात, तोवर बुजवली तर ते आत उपाशी मरतं. आम्ही थांबणार आहोत, मग वरून जाळी सोडू, खालून मोकळी, म्हणजे बाहेर पडता येईल पण परत शिरता येणार नाही, आणि सगळी गेली की सिमेंट. लेंड्या तेवढ्या मास्क लावून, पाणी शिंपडून काढल्या, सुक्या झाडल्या की धूळ छातीत जाते.