उणे तीस अंशांत गाडी सुरू करताना

कॅनडातल्या विनिपेगला आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात एक गोष्ट डोळ्यांत भरली. बहुतेक गाड्यांच्या पुढच्या जाळीतून विजेचा प्लग लोंबत होता. गाड्या पेट्रोलच्या, मग प्लग कशाला?

ती ब्लॉक हीटरची वायर. इंजिनात कूलंट म्हणजे एरवी त्याला थंड ठेवणारा द्रव खेळतो, तो गरम ठेवणारा हा छोटा हीटर रात्री विजेवर लावायचा. याचं पेटंट 1949 साली अँड्र्यू फ्रीमन यांना मिळालं. ते इथून दक्षिणेला, सीमेपलीकडच्या अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटातले. ज्याने असा गारठा सोसलाय त्यालाच हे सुचणार!

थंडीच्या सकाळी खोबरेल तेलाची बाटली उपडी केली तरी थेंब पडत नाही, हे आपल्याला माहीत आहे. इंजिन ऑइल तितकं थिजत नाही, पण उणे तीसला मधासारखं दाट होतं आणि वरच्या भागांपर्यंत पोचायला वेळ लावतं. त्यात उणे 18 च्या आसपास बॅटरीची ताकद जवळजवळ निम्म्यावर येते. म्हणजे इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो तेव्हाच तो जोर कमी पडतो. ब्लॉक हीटर लावलेला असला की स्टार्टर कण्हत नाही. तो रात्रभर चालू ठेवायची गरज नसते. निघण्याआधी तीन-चार तास पुरतात, म्हणून मी टायमर लावते. ऑइलही शून्य डब्ल्यू किंवा पाच डब्ल्यूचं घालते. त्यातलं डब्ल्यू म्हणजे विंटर, आकडा जितका लहान तितकं ते गारठ्यात पातळ राहतं.

पहिल्या वर्षी मी रोज वीस मिनिटं गाडी जागेवर चालू ठेवायची. इंजिन गरम झाल्याशिवाय हलवू नये, असं लहानपणापासून मनात बसलेलं. मग ऑइल बदलायला गेले तेव्हा मेकॅनिकने डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, नाकाजवळ धरायला लावली. ऑइलला चक्क पेट्रोलचा वास येत होता. थंड इंजिनाला पेट्रोल जास्त दिलं जातं. ते सगळं जळत नाही, सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली उतरतं आणि वंगण पातळ करतं. जागेवर उभं इंजिन तापतंही अगदी सावकाश, त्यामुळे हा प्रकार लांबतच जातो.

चोक ओढून सुरू करायच्या कार्बुरेटरच्या गाड्यांना थांबणं गरजेचं होतं, नाहीतर त्या पहिल्याच वळणावर बंद पडत. आता सेन्सर तापमान बघून इंधनाचं प्रमाण ठरवतात. अर्धा-एक मिनिट थांबून हळू निघालं की झालं. पहिली काही किलोमीटर ॲक्सिलरेटर जोरात दाबायचा नाही, एवढंच पाळायचं. काचा मात्र आधी पूर्ण खरवडायच्या. दोन तळव्यांएवढ्या भोकातून बघत गाडी चालवणारे दिसले की माझा जीव वरखाली होतो. आणि काचेवर गरम पाणी ओतू नका, ती तडकते.

इथे नव्याने येणाऱ्यांनी एक गोष्ट तरी नक्की लक्षात ठेवा. घराला जोडलेल्या गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवायची नाही, दार उघडं असलं तरीसुद्धा. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि तो घरात शिरतो. रात्री बर्फ पडला असेल तर आधी एक्झॉस्टचं तोंड मोकळं करा. ते बुजलं तर हाच वायू गाडीत भरतो. मुलांना आत बसवून काचा खरवडत असाल तर जास्तच जपा.

काल सकाळी उणे 31 होतं. प्लग काढला, वायर गुंडाळली, निघाले. रात्रभर उभी राहून टायरची खालची बाजू चपटी झालेली, त्यामुळे पहिला किलोमीटरभर गाडी थडथडत होती. टायर, गिअरबॉक्स, चाकांचं ग्रीस हे सगळं धावूनच सैल होतं, उभं राहून नाही. चौथ्या सिग्नलपर्यंत थडथड थांबली, पायाशी ऊब आली आणि मी हातमोजे काढून बाजूला ठेवले.