डोहातल्या दोन बाटल्या

वाईन सर्व्ह करतो म्हटलं की बेळगावात लोक आधी हसतात. दारू ओतायला शिकायचं काय असतंय? बारा वर्षं गोव्यात हॉटेलात काढली, आता गावात परत येऊन केटरिंग करतो. थंडीत शेतावरच्या पार्ट्या मिळतात, जवारी कोंबडी, भाकरी, आणि हल्ली त्याच्यासोबत वाईन.

जानेवारीतला रविवार होता. जांबोटीच्या अलीकडे मलप्रभेच्या काठाला एका डॉक्टरांचं शेत. माणसं 22, पिणारी 14. साहेबांना सगळी रेडच पाहिजे होती, का तर हार्टला चांगली. डॉक्टर माणूस हे बोलतो म्हटल्यावर काय बोलायचं! मी म्हटलं, साहेब, रस्सा संकेश्वरी मिरचीचा आहे, त्यावर तुरट रेड घेतली की तोंडातली आग अजून भडकते. तो तुरटपणा द्राक्षाच्या सालीचा आणि बियांचा असतो, कच्च्या सुपारीसारखी जीभ धरतो. तिखटाला जराशी गोडसर, थंडगार शेनिन ब्लां पाहिजे, म्हणजे पांढरी वाईन. शेवटी 12 बाटल्यांची एक पेटी ठरली, 6 शेनिन, 3 गुलाबी रोझे आणि त्यांच्या हट्टाखातर 3 शिराझ, म्हणजे रेड. सगळ्या फिरकीच्या बुचाच्या, कारण शेतात कॉर्कस्क्रू हरवतोच.

त्यांचा एक पाहुणा फोनवर म्हणाला, "चोर्ला घाटातनं गोव्याची आणूया की, निम्म्यात येतंय." परमिट नसताना कणकुंबीच्या नाक्यावर धरलं की बाटल्या जातात आणि केस माझ्या नावावर. मी सरळ नाही म्हटलं, बेळगावातनंच बिलासकट घेतली, एका दिवसाचं लायसन्स काढलं. त्या लायसन्सच्या चकरा सांगत बसलो तर दुसरा लेख होईल.

आता बर्फाचं. नव्वद टक्के केटरर इथंच मार खातात. नुसत्या बर्फात बाटली खुपसली तर बर्फ तिला चार ठिकाणी टेकतो, बाकी सगळी हवा, तासभर बसा बघत. बर्फात पाणी घालायचं, बाटलीच्या गळ्यापर्यंत, वर दोन मुठी जाडं मीठ, वीसेक मिनिटांत हात लावला तर बोटं बधिर. आणि रेडसुद्धा थंड करायची, हे तर कुणाला पटतच नाही. "रेड रूम टेम्परेचरला पितात" म्हणे. अहो ती रूम युरोपातल्या दगडी घराची, 16-18 डिग्रीची. आपल्याकडे दुपारी सावलीतसुद्धा तीसच्या घरात जातंय, तशी प्यायली तर नुसती स्पिरिटची वाफ नाकात जाते. म्हणून शिराझच्या तिन्ही बाटल्या जाळीच्या पिशवीत घालून नदीच्या डोहात दगडाला बांधून ठेवल्या. मलप्रभेचं पाणी त्या दिवसांत छान गार असतंय. ह्या डोहाचा मला फार अभिमान होता, सकाळी.

मग कळलं की काचेच्या ग्लासांचा क्रेट गोडाऊनलाच राहिला. पोरावर ओरडलो, खरं यादी माझीच होती. शेतावरच्या मावशींनी स्टीलचे पेले काढून दिले. पेल्यात वाईनचा रंग दिसत नाही, वास धरत नाही, वर हाताच्या गरमीनं स्टील तापतं. लोकांना मात्र मजा वाटली, फोटो काढले. पोरगा भरत होता वरून दोन बोटं सोडून, आणि मी वहीत पेले मोजत होतो.

साडेतीनच्या सुमारास एकजण चौथा मागायला आले. बोलणं अगदी साफ, हसतमुख माणूस. वहीत त्यांचे तीनच होते, आणि 11 वाजल्यापासून तीन म्हणजे काहीच नाही. खरं मी त्यांना गाडीची किल्ली कोशिंबिरीच्या वाटीत ठेवताना बघितलं होतं, आणि नंतर तीच किल्ली खिशात शोधताना. बायको, दोन पोरं, बेळगावापर्यंत जंगलातली वळणं. गाडी चालवणाऱ्याला कायद्यात 100 मिली रक्ताला 30 मिलिग्रॅम अल्कोहोलची मर्यादा, हे कुणाला सांगणार त्या वेळी? गोव्यात असताना सरळ मॅनेजरला बोलवायचो. इथं मॅनेजर मीच. म्हटलं, "संपली, साहेब."

शिराझची एकच बाटली वर आणली होती. दोन डोहातच होत्या.

पाच वाजता आवराआवर चालली होती आणि त्या चौथा मागणाऱ्या गृहस्थांचीच धाकटी मुलगी ओल्या फ्रॉकनं दोन्ही हातांत दोन बाटल्या धरून वर आली. "काका, तुमच्या ह्या राहिल्या!" सगळ्यांसमोर. ते गृहस्थ हसले, "काय रे, संपल्यात म्हणालास की!" डॉक्टर हसले नाहीत. बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "पैसे मी दिलेत ह्याचे. लपवून ठेवायला तू कोण?" चोरी हा शब्द त्यांनी वापरला नाही, खरं तिथंच येऊन थांबले. मी कारण सांगितलं नाही. त्यांच्या पाहुण्याबद्दल त्यांनाच काय सांगणार? आणि खरं सांगायचं तर लाज वाटत होती. नकार तोंडावर द्यायचा असतो, मी खोटं बोलून सुटायला बघितलं. एक बाटली त्या गृहस्थांनी बगलेत मारली आणि निघाले. मी नळाला पेले विसळत होतो, गाडी कोण चालवत होतं ते दिसलं नाही. नीट पोचले एवढं नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पूर्ण पैसे पाठवले. सोबत एक शब्द नाही.

घरी सामान काढताना मावशींचा एक पेला आमच्या क्रेटमध्ये सापडला. सहज म्हणून दोन बोटं सोडून पाणी भरलं आणि मापात ओतलं. 220 मिली. हॉटेलात आमचा ग्लास 150 चा, बाटलीत पाच. म्हणजे त्यांचे तीन पेले झाले 660, पूर्ण बाटलीला 90 कमी. माझ्याच पोरानं भरलेले, माझ्याच वहीत 'तीन' म्हणून लिहिलेले. पुन्हा एकदा भरून बघितलं, तेवढंच आलं.

पेला अजून ओट्यावर आहे. बायकोनं दोनदा विचारलं कुणाचा म्हणून. जांबोटीकडे जाणं होईल तेव्हा मावशींना देऊन यायचा आहे.